रोनाल्डोच्या भुवईवर बसलेला पतंग जास्त फास्ट, की युरोपातला एवढुसा गाणारा पक्षी?

खिडकीशेजारचा

मंडळी, एक वाद मिटवून द्या प्लीज. आमचा फुटबॉलवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथे कुणीतरी २०१६ च्या युरो फायनलची जुनी क्लिप टाकली. तीच ती, १० जुलै, पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स, रोनाल्डो गुडघा दुखावून खाली बसलाय, डोळ्यात पाणी, आणि एक पतंग (मॉथ, उडवायचा नव्हे) निवांत येऊन त्याच्या भुवईवर बसतो. त्या रात्री मैदानभर तेच पतंग होते, आदल्या रात्री स्टेडियमचे दिवे चालू राहिले म्हणून गोळा झाले असं तेव्हा बातम्यांत आलेलं. मी सहज शोधलं तर हा सिल्व्हर वाय निघाला, शास्त्रीय नाव ऑटोग्राफा गॅमा, पुढच्या पंखावर चंदेरी वाय सारखी खूण असते त्याच्या. आणि हा पठ्ठ्या म्हणे दरवर्षी भूमध्य समुद्राकडून, उत्तर आफ्रिकेकडून निघून पार इंग्लंड-स्वीडनपर्यंत जातो.

हे ग्रुपवर टाकलं तर एक मित्र (पक्षीवाला आहे, गळ्यात कायम दुर्बीण) म्हणे अरे पतंग काय, कचऱ्यासारखा वाऱ्यावर वाहत येतो, त्यात कर्तृत्व कसलं, स्थलांतर बघायचं तर विलो वॉर्बलर बघ, दहा ग्रॅमचा जीव सहाराच्या पलीकडे जातो आणि परत येतो. मी म्हटलं दोघं रात्रीच उडतात, दोघं वसंतात वर उत्तरेला आणि शरदात खाली दक्षिणेला जातात, मग तुलना का नको? त्यावरून जे पेटलंय ते अजून विझलेलं नाही.

तर प्रश्न असा की कुणी या दोघांना खरंच शेजारी ठेवून मोजलंय का? वेग कुणाचा जास्त, दिशा कुणाला कळते, आणि पतंग फक्त वाहत जातो हे खरं का? अभ्यासाचं काही असेल तर सांगा, नुसतं "निसर्गाची किमया" नको 🙏

भिंगवाला

मोजलंय भाऊ, आणि नेमकं हेच मोजलंय. २०११ साली रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्ज बी या विज्ञानपत्रिकेत पेपर आला, स्वीडनचे थॉमस अलेरस्टाम, इंग्लंडचे जेसन चॅपमन आणि बाकी मंडळी. अलेरस्टाम म्हणजे पक्षी स्थलांतरातलं मोठं नाव आणि चॅपमन तेव्हा रॉथमस्टेडला (इंग्लंडमधली शेती संशोधन संस्था) कीटकांच्या रडारवर काम करणारे, म्हणजे तू आणि तुझा मित्र एकत्र बसून पेपर लिहिल्यासारखंच झालं. पतंगांचा डेटा इंग्लंडमधल्या रडारचा, गाणाऱ्या पक्ष्यांचा दक्षिण स्वीडनमधल्या रडारचा.

आता वेग. इथे दोन वेग असतात आणि तुमच्या ग्रुपवर बहुतेक दोन्हीची मिसळ झालीये. एक म्हणजे आजूबाजूच्या हवेच्या हिशेबात स्वतःच्या पंखांनी काढलेला वेग. त्यात पक्षी सरळ जिंकतो, पतंगाचा वेग पक्ष्याच्या साधारण एक तृतीयांश. पतंग ताशी पंधरा-अठरा किमी धर आणि छोटा पक्षी पंचेचाळीसच्या आसपास. दुसरा वेग म्हणजे खाली जमिनीवरून बघणाऱ्याला दिसतो तो, म्हणजे एका रात्रीत प्रत्यक्ष किती अंतर कापलं. आणि त्यात दोघं जवळजवळ बरोबरीत निघाले, ताशी ३० ते ६५ किमीच्या पट्ट्यात दोघंही. दिशा पण जवळपास सारख्याच. पेपर लिहिणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय की हे अपेक्षेच्या उलट आलं.

हे कसं जमतं तर पतंग वारा निवडतो. कुठल्याही रात्री उठून निघाला असं नाही. वसंतात दक्षिणेकडून वारा वाहत असेल त्या रात्री वर चढायचं, शरदात उत्तरेकडून वाहत असेल त्या रात्री, आणि बाकी रात्री गप झाडाझुडपात बसायचं. वर चढल्यावर पण कुठल्याही उंचीला नाही. रात्री जमिनीलगत हवा शांत असते पण काहीशे मीटरवर बऱ्याचदा वाऱ्याचा एक जोरदार थर असतो, पतंग नेमके त्या थरात सापडतात. म्हणजे स्वतःचे पंधरा-अठरा अधिक वाऱ्याचे पस्तीस-चाळीस, झाले की पन्नास पंचावन्न.

पक्षी उलट करतो. वारा चांगला असला तर उत्तम, नसला तरी निघतो, बाजूने असला तरी निघतो, बऱ्याच रात्री पाठीमागून काहीच मदत नसते आणि तो स्वतःच्या ताकदीवर ठरलेली दिशा धरून जातो. म्हणून सरासरी काढली की दोघं एकाच ठिकाणी येतात.

पेपरात याला दोन वेगळ्या जोखमीच्या पद्धती म्हटलंय, पतंग जोखीम घेणारा आणि पक्षी जोखीम टाळणारा. मला पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटलेलं, कारण चांगल्या वाऱ्याची वाट बघत बसणारा तर सावध म्हणायला हवा ना. पण विचार केला की पटतं, पतंगाचं सगळं वाऱ्यावर टांगलेलं आहे, वारा साथ देईल तेव्हा छप्पर फाडके आणि नाही दिली तर मुक्काम हलतच नाही. पक्ष्याची रोजची मजल माफक पण भरवशाची.

टपरीवरचा_चहा

म्हणजे पतंग शिडाची होडी आणि पक्षी इंजिनाची. दोघं बंदरात एकाच वेळी. विषय संपला, कटिंग सांगा 😄

भिंगवाला

हो पण शिडाच्या होडीला सुकाणू असतं हे मित्राला सांगायला विसरू नका, कारण "वाहत येतो" हा मुद्दा तिथेच पडतो. चॅपमन यांच्याच टीमचा २००८ चा अभ्यास आहे याच सिल्व्हर वायवर. वारा पतंगाला हव्या त्या दिशेपासून फार बाजूला नेत असेल तर तो शरीर वळवून काही प्रमाणात दुरुस्ती करतो. पूर्ण दुरुस्ती त्याच्या ताकदीत नाही, पण जेवढी जमते तेवढी करतो, आणि शेकडो किमीच्या प्रवासात तेवढ्यानेही बराच फरक पडतो. वाहत जाणारा कचरा असं काही करत नाही, आणि दक्षिणेला जायच्या दिवसात उत्तरेच्या वाऱ्याची वाट बघत तर अजिबात बसत नाही.

वटवट्या_पुणे

मी पक्षीवाला, त्यामुळे मित्राची बाजू थोडी घेतो, आणि भिंगवाल्यांनी लिहिलंय त्यात दोन गोष्टी घालतो.

पहिली, तुलना एकाच आकाशात झालेली नाही. पतंग इंग्लंडचे, पक्षी स्वीडनचे. लेखक "जवळपास सारख्या परिस्थितीत" म्हणतात आणि ते ठीक आहे, पण "पतंग आणि पक्षी शेजारी शेजारी उडताना मोजले" असं कुणी ग्रुपवर ठोकून दिलं तर ते चूक. दुसरी, रडारवर ठिपका येतो, त्याच्यावर नाव लिहिलेलं नसतं. पक्ष्याच्या पंखांच्या फडफडीवरून छोटा गाणारा पक्षी आहे एवढं समजतं, तो विलो वॉर्बलर का ब्लॅककॅप का रॉबिन हे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यामुळे "सिल्व्हर वाय विरुद्ध विलो वॉर्बलर" असा सामना पेपरात नाहीये, एका बाजूला एक पतंगाची जात आणि दुसऱ्या बाजूला छोट्या पक्ष्यांचा एक गट असं आहे.

आणि तिसरी, जी माझ्या मते सगळ्यात मोठी आहे आणि वेगाच्या भांडणात हरवते. विलो वॉर्बलर आठ-दहा ग्रॅमचा, स्वीडनमध्ये अंडी घालतो, सहारा ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या भागात हिवाळा काढतो आणि तोच पक्षी, तोच एक जीव, पुढच्या वसंतात परत येतो. जगला तर पुन्हा जातो. सिल्व्हर वायमध्ये हे कुणीच करत नाही. जो उत्तरेला आला तो तिथेच अंडी घालून मरतो, खाली जातात ती त्याची पोरं, आणि पुढच्या वसंतात वर येतात ती तिथे हिवाळ्यात जन्मलेली पुढची पिढी. म्हणजे पक्ष्याचा प्रवास एका जिवाचा आणि पतंगाचा प्रवास घराण्याचा. दोन्हीला स्थलांतरच म्हणतात पण मैल कुणाच्या खात्यात टाकायचे हे आधी ठरवा.

खिडकीशेजारचा

वटवट्या दादा भारी. पण मग एक राहिलंच की, पोरांनी तो रस्ता कधी बघितलेलाच नाही तर खाली जायचं हे त्यांना सांगतं कोण? पक्ष्यांचं ठीक आहे, आईबाप नेत असतील ना?

वटवट्या_पुणे

नाही नेत, गंमत तीच आहे. करकोचे, हंस, क्रेन यांची पिल्लं मोठ्यांबरोबर जातात, पण हे रात्री उडणारे छोटे गाणारे पक्षी बहुतेक एकेकटे निघतात, पहिल्याच वर्षी, अंधारात, रस्ता न बघता. दिशा जन्मतःच घेऊन येतात. यावरचे ब्लॅककॅपचे प्रयोग फार सुंदर आहेत, जर्मनीत पेटर बर्टहोल्ड यांनी केले. मध्य युरोपातले ब्लॅककॅप पूर्वी मुख्यतः नैऋत्येला स्पेनकडे जायचे, नंतर त्यातले काही उलट इंग्लंडला हिवाळा काढायला लागले. इंग्लंडला सापडलेले असे पक्षी आणून त्यांची पिल्लं जर्मनीत वाढवली. त्या पिल्लांनी इंग्लंड जन्मात पाहिलेलं नाही, तरी शरद आला की पिंजऱ्यात पश्चिमेच्या बाजूला उड्या मारायला लागली. १९९२ ला नेचर या विज्ञानपत्रिकेत आलंय हे. म्हणजे दिशा रक्तात, आणि काही दशकांत बदलू पण शकते.

होकायंत्र म्हणाल तर युरोपियन रॉबिनला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं हे फ्रँकफर्टला वोल्फगांग विल्चको यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं. तारे, मावळतीचा प्रकाश हे पण वापरतात.

भिंगवाला

आणि पतंगांचं पण तसंच, दिशा वारशाने, शिकवायला कुणी नाही. ऑस्ट्रेलियात बोगाँग नावाचा पतंग आहे, तो चुंबकीय क्षेत्र आणि तारे दोन्ही वापरतो हे प्रयोगात दिसलंय. तो युरोपातला नाही म्हणून इथे ताणत नाही, पण एवढ्याशा मेंदूत हे बसू शकतं हे कळायला उदाहरण चांगलं.

मैलांच्या हिशेबाबद्दल वटवट्यांशी सहमत, फक्त घराण्याचा प्रवास म्हणून पतंगाला कमी लेखू नका. २०१२ मध्ये याच चॅपमन मंडळींनी सिल्व्हर वायचा जमाखर्च मांडला. दर वसंतात इंग्लंड आणि आसपास १ कोटी ते २४ कोटी पतंग येतात, वर्षावर्षाला इतका फरक. उन्हाळ्यात तिथे पैदास होऊन पुढची पिढी साधारण चौपट होते आणि ती अख्खी शरदात दक्षिणेला निघते. आणि वाऱ्याचे मार्ग कॉम्प्युटरवर चालवून बघितले तर त्यातले ८० टक्के भूमध्य समुद्राच्या भोवती, जिथे हिवाळ्यातही पैदास होऊ शकते अशा भागात पोचतील असं निघालं. आधी बऱ्याच लोकांचं मत होतं की उत्तरेला गेलेले पतंग म्हणजे वाया गेलेला माल, थंडी आली की खलास. या आकड्यांनी ते निकालात निघालं.

लातूरची_माती

शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. तुमच्या या सिल्व्हर वायचा फोटो बघितला आणि त्याच्या अळीचा पण, तर ही आपल्या सोयाबीनवरच्या हिरव्या उंटअळीची सख्खी भावकी आहे राव. तीच कमान करून चालायची पद्धत, मधले पाय कमी असतात म्हणून पाठ वर उचलत पुढं सरकते. आमच्याकडं ऑगस्टमध्ये पानांची चाळण करून ठेवते. तिकडं काय खाते?

भिंगवाला

बरोबर ओळखलंत काका, एकाच उपकुळातल्या दोघी, प्लुसिनी म्हणतात. तिकडे सिल्व्हर वायची अळी कोबी, वाटाणा, बीट आणि अजून पुष्कळ काही खाते, दोनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती नोंदल्यात. खायला काहीही चालतं म्हणूनच कुठेही उतरलं तरी संसार मांडता येतो, हे प्रवासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. वारा कुठे टाकेल त्याची पूर्ण खात्री नाही आणि तिथे फक्त एकाच झाडाचं पान चालणार असेल तर संपलंच.

लातूरची_माती

मग पतंग वारा धरून येतात हे मला तर नवीन वाटत नाही. मक्यावरची लष्करी अळी २०१८ ला कर्नाटकात सापडली आणि बघता बघता आपल्याकडं मक्यात. बैलगाडीनं आली नव्हती ती.

शेवंता_ताई

मी इंग्लंडमध्ये राहते, ब्रिस्टलच्या बाहेर, आणि आमच्या मागच्या अंगणात रात्री पतंगांसाठी दिव्याचा सापळा लावते. घाबरू नका, मारत नाही कुणाला, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवायचे, त्यात पतंग बसून राहतात, सकाळी मोजायचे, नोंद करायची आणि झुडपात सोडून द्यायचे. इथे हा छंद पुष्कळांना आहे.

सिल्व्हर वाय बघायला मात्र सापळ्याची पण गरज नाही, तो दिवसा पण फिरतो. लॅव्हेंडर किंवा बडलियाच्या झुडपापाशी संध्याकाळी उभं राहा, फुलावर बसून मध पिताना पंख सारखे थरथरत असतात, एका जागी ठेवून बसतच नाही, त्यावरून लगेच ओळखू येतो. रंगाला करडा-तपकिरी, फार काही देखणा नाही, पण ती चंदेरी खूण जवळून बघितली की छान वाटते. काही वर्षी दिवसेंदिवस एखादाच आणि काही वर्षी झुडुपभर, त्यामुळे तो १ कोटी ते २४ कोटीचा आकडा वाचून मला तर अजिबात नवल वाटलं नाही.

आणि पक्षी-पतंग तुलनेत एक गोष्ट तुम्ही सगळे विसरलात. सकाळी मी उठायच्या आधी रॉबिन येऊन सापळ्याच्या भोवतीचे पतंग गट्टम करून जातो 😭 त्यांना बरोबर कळतं सापळा कुठे असतो ते. इथे सगळे पतंगवाले रॉबिनच्या नावाने बोटं मोडत असतात. त्यामुळे वेगाचं सोडा, मुक्कामाच्या ठिकाणी तरी सामना एकतर्फी आहे.

खिडकीशेजारचा

😂😂 ताई हे ग्रुपवर टाकतोच. मित्र नाचेल.

पण मला अजून एक खटकतंय. पतंगाची युक्ती जर इतकी भारी आहे, वारा बघायचा आणि फुकटात जायचं, तर पक्षी का करत नाहीत तसंच? तिप्पट ताकद आहे, वर वारा पण निवडला तर ताशी ऐंशी नव्वद जातील की. उगाच घाम का गाळायचा?

वटवट्या_पुणे

चांगला प्रश्न. वारा अगदीच बघत नाहीत असं नाही, खूप पाऊस किंवा समोरून जोराचा वारा असेल तर पक्षी पण थांबतात. पण पतंगाइतके चोखंदळ नाहीत, आणि त्याचं कारण माझ्या मते असं (इथून पुढे माझं मत आहे, पेपरचं नाही).

पतंगाला पर्यायच नाही. ताशी सतराने उडणाऱ्याला समोरून वीसचा वारा लागला तर तो पंख मारत मारत मागे जाईल. त्याला निवड करणं भाग आहे. पक्षी त्याच वाऱ्यात पंचवीसने तरी पुढे सरकतो, म्हणजे वाईट रात्र पण त्याच्यासाठी पूर्ण फुकट नाही. मग वाट बघायची का? वाट बघण्याची पण किंमत आहे. रोज खायला लागतं, चरबी साठवून ठेवलीये ती बसल्या बसल्या जळते, ससाणे टपलेले असतात, आणि वसंतात जो नर आधी पोचतो त्याला चांगली जागा मिळते, उशिरा आलेल्याला उरलेली. काही वॉर्बलर सहारा ओलांडायच्या आधी वजन जवळपास दुप्पट करून घेतात, एवढा माल अंगावर घेऊन आठवडाभर वाऱ्याच्या मूडवर बसून राहणं परवडत नाही.

दुसरं म्हणजे पोरांचा हिशेब. विलो वॉर्बलरची मादी एका वेळी सहाएक अंडी घालते, सिल्व्हर वायची मादी काहीशे. काहीशे अंडी घालणाऱ्याचं घराणं वाऱ्याने अर्धे समुद्रात टाकले तरी चालतं. सहा अंडीवाल्याला ते झेपत नाही, त्यात छोट्या पक्ष्यांची निम्म्याहून जास्त पिल्लं तशीही पहिलं वर्ष पुरं करत नाहीत. त्यामुळे एकाने वाऱ्याचा जुगार खेळायचा आणि दुसऱ्याने पगारी नोकरी करायची हे मला तरी पटतं.

भिंगवाला

यातलं "पर्यायच नाही" एकदम मान्य. जुगाराबद्दल थोडी हरकत, ८० टक्के पोचत असतील तर तो कसला जुगार, आपल्याकडे लॉटरीत असं लागलं असतं तर मी पीएचडी केली नसती.

टपरीवरचा_चहा

आपल्याकडे यातलं काही येतं का? म्हणजे युरोपातून महाराष्ट्रात?

वटवट्या_पुणे

विलो वॉर्बलर आणि ब्लॅककॅप आपल्याकडचे पाहुणे नाहीत, त्यांचा रस्ता आफ्रिकेचा आणि भूमध्याचा. पण पूर्व युरोपात घरटी करणारा लाल छातीचा छोटा माशीमार हिवाळ्यात भारतात येतो, आपल्याकडच्या झाडीत शेपटी वर उडवत बसलेला दिसतो. फिनलंडकडे वीण करणारा ब्लिथचा रीड वॉर्बलर पण येतो, झुडपातून "टक टक" करत असतो आणि दर्शन देत नाही. भोरड्या तर सगळ्यांना माहीत, ज्वारीवर ढगासारख्या येतात, त्यांची वीण युरोपच्या आग्नेय टोकापासून मध्य आशियापर्यंत. पण त्या दिवसा थव्याने जातात, त्यामुळे रात्रीच्या एकट्या प्रवाशांच्या या गप्पांत बसत नाहीत.

कातळावरची_सावली

पतंग नाही पण वारा धरणाऱ्या कीटकाचं आपलं उदाहरण आहे ना, चतुर! पावसाळ्यानंतर गवतावर पिवळसर चतुरांचे थवे फिरतात बघा. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी बघितलं की ऑक्टोबरपासून तिथे लाखोंनी चतुर उतरतात, जिथे त्यांना वाढायला गोडं पाणी जवळपास नाहीच. २००९ ला त्यांनी मांडलं की हे भारतातून निघून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जात असावेत. आणि त्याच सुमारास अमूर ससाणे पण तोच समुद्र ओलांडतात, ते वाटेत चतुर खात असावेत असंही त्यांचं म्हणणं.

भिंगवाला

हे खरंच जोडीला ठेवण्यासारखं आहे, इथे पण पिढ्यांचाच प्रवास. फक्त ससाणा गाणारा पक्षी नाही आणि हा धागा युरोपचा आहे, नाहीतर वटवट्या मला ब्लॉक करतील.

खाण्यावरून आठवलं, रात्रीच्या आकाशात या दोघांचा एक सामाईक शत्रू आहे. स्पेनमध्ये दोन्याना भागात मोठं वटवाघूळ असतं, ग्रेटर नॉक्ट्यूल, ते स्थलांतराच्या दिवसात गाणारे पक्षी हवेतच पकडून खातं. बाकी वर्षभर पतंग वगैरे कीटक. आता गंमत बघा, सिल्व्हर वायच्या कुळातल्या पतंगांना कान असतात, एका कानात वटवाघळाचा आवाज टिपणाऱ्या जेमतेम दोन पेशी, पण तेवढ्यावर त्याला धोका कळतो आणि तो गिरक्या घेत खाली झोकून देतो. पक्ष्याचा कान एरवी कितीतरी चांगला, पण वटवाघळाचा तो उंच पट्टीचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. म्हणजे गाणारा इथे बहिरा आणि ज्याला आपण मुका समजतो त्याला सगळं ऐकू येतं. वेगात बरोबरी, पण या बाबतीत मी पॉइंट पतंगाला देतो.

वटवट्या_पुणे

दिला. आता उंचीचा पॉइंट मी घेतो. ग्रेट रीड वॉर्बलर, स्वीडनचाच, २०२१ चा अभ्यास. पक्ष्यांच्या पाठीवर छोटे लॉगर (उंचीची नोंद ठेवणारी यंत्रं) लावले तर दिसलं की भूमध्य आणि सहारा ओलांडताना तो रात्र संपली तरी उतरत नाही, उडतच राहतो, आणि सूर्य उगवला की रात्रीच्या साधारण दोन हजार मीटरवरून पाच हजार मीटरच्या वर चढतो. कारण बहुतेक ऊन, वर थंड हवेत अंग तापत नाही. पतंग काहीशे मीटरवर आणि हा पाच हजारावर.

खिडकीशेजारचा

मित्राला लिंक दिली धाग्याची, त्याने वाचला. त्याचं म्हणणं, ठीक आहे, सिल्व्हर वाय हुशार, पण सगळे पतंग वाऱ्याचेच गुलाम ना शेवटी? समोरून वाऱ्यात सरळ जाणारा एक तरी पतंग दाखव म्हणतो. आहे का कोणी?

भिंगवाला

आहे. डेथ्स हेड हॉकमॉथ, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला तो मोठा धूड पतंग. तो पण युरोप-आफ्रिका करतो. जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या लोकांनी त्यांना इवलेसे रेडिओ ट्रान्समीटर चिकटवले, रात्री सोडले आणि छोट्या विमानातून मागे मागे आल्प्सपर्यंत गेले, काहींचा माग तर ८० किमीपर्यंत ठेवला. सायन्स या पत्रिकेत आलंय २०२२ ला. पाठीमागून वारा असेल तर ते उंचावरून जायचे, आणि समोरून आला तर थांबण्याऐवजी खाली जमिनीलगत येऊन, जिथे वारा कमी असतो तिथून, जोर लावून सरळ रेषेत पुढे. दिशा जवळजवळ सोडलीच नाही. म्हणजे पतंग असून वागणं पुष्कळसं तुझ्या मित्राच्या वॉर्बलरसारखं, कारण अंगात तेवढी ताकद आहे.

सिल्व्हर वायवर असं काही करता येत नाही, तो ग्रॅमच्या पाव भागाहूनही हलका, ट्रान्समीटर लावला तर उडणारच नाही. त्याच्यासाठी रडारच, सरळ वर तोंड करून ठेवलेलं, एक रॉथमस्टेडला आणि एक हॅम्पशरमध्ये चिलबोल्टनला. वरून जाणाऱ्या प्रत्येक किड्याची उंची, वेग, दिशा, शरीराचा रोख आणि वजनाचा अंदाज त्यातून मिळतो, आणि त्या रात्री दिव्याच्या सापळ्यात कुठली जात जास्त आली हे जुळवून नाव ठरवतात. शेवंता ताई अंगणात जे करतात तसंच, फक्त देशभर जाळं आहे.

शेवंता_ताई

माझ्या नोंदी पण जातात हो काऊंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्डरकडे दरवर्षी! रॉबिनने खाल्लेले वजा करून 😤